आषाढातील वाट : पन्हाळा ते विशाळगड

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी मजकडे लेख मागितला तेव्हा विषयाची मोकळीक दिली होती. 'गुरुजी, इतिहासाचे काहीतरी लिहा, म्हणजे पोरे वाचतील,' एवढीच त्यांची अट. आपले गाव कासारीच्या खोऱ्यातले. उत्तरेकडे मान वर केली की जी डोंगराची धार दिसते, तिच्यावरूनच इ. स. १६६० च्या आषाढात शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडास गेले. ही गोष्ट माहीत नाही असा मुलगा आपल्या गावात नाही. पोवाड्यांतून, नाटकांतून, चित्रपटांतून ती आपण इतक्या वेळा ऐकली-पाहिली आहे की तिच्यात नवे सांगण्यासारखे काही उरले आहे असे सहसा वाटत नाही. मला मात्र वाटते की या गोष्टीत आपण खिंड पाहतो, तलवार पाहतो, तोफांचे आवाज ऐकतो. पण वाट पाहत नाही आणि पाऊसही पाहत नाही. म्हणून या लेखात लढाईविषयी थोडे आणि चालण्याविषयी अधिक लिहिणार आहे. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

आधी प्रसंगाची थोडी उजळणी करतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखानाचा वध झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पन्हाळा स्वराज्यात आला. विजापूर दरबाराला हा दुहेरी घाव सोसण्यासारखा नव्हता. कर्नूलकडील सरदार सिद्दी जौहर याला सलाबतखान हा किताब देऊन मोठ्या फौजेनिशी पाठविण्यात आले. अफजलखानाचा मुलगा फाजलखान त्याच्याबरोबर होता. मार्च १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर आले आणि जौहराने गडाला वेढा घातला. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रजही दारूगोळा घेऊन जौहराच्या मदतीस आला. त्याचे फळ राजापूरकर इंग्रजांना पुढच्याच वर्षी मिळाले, पण तो विषय निराळा. नेताजी पालकरांनी वेढा बाहेरून फोडण्याचा प्रयत्न केला, तो साधला नाही. तिकडे मे महिन्यात शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला. एकीकडे मोगल, एकीकडे विजापूर आणि राजा मात्र गडावर कोंडलेला, अशी ती अवस्था होती.

आता पावसाकडे येतो. या मुलखात पावसाळ्यात फौजा चालत नाहीत, हा शेकडो वर्षांचा रिवाज होता. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. याच खेळण्याच्या जंगलात इ. स. १४५३ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याची फौज शिर्के आणि शंकरराव मोरे यांनी आत ओढून नेऊन कापून काढली. त्यानंतर १४७० च्या सुमारास महमूद गवान खेळणा घेण्यास आला, तेव्हा पाऊस सुरू होताच तो मुकाट्याने मागे वळला आणि कोल्हापूरच्या बाजूस गवताच्या झोपड्या बांधून राहिला. पाऊस सरल्यावर पुन्हा गेला आणि मग गड घेतला. म्हणजे त्या शहाण्या वजिरालाही आपल्याकडच्या आषाढाशी वाद घालावासा वाटला नाही. जौहराने तो वाद घातला. पावसाळा तोंडावर आला तरी तो हलला नाही. छावणीवर छपरे घातली आणि वेढा चालू ठेवला. गडावरच्यांचा हिशेब असा होता की पाऊस वेढा उठवील. तो हिशेब चुकला. आणि मग ज्या पावसाने वेढा उठविला नाही, त्याच पावसाच्या आडोशाने बाहेर पडायचे ठरले.

तारीख १२ जुलै १६६०, आषाढी पौर्णिमेच्या सुमाराची रात्र. पुष्कळांना वाटते की पौर्णिमेची रात्र म्हणजे टिपूर चांदणे असणार आणि अशी रात्र पळण्यासाठी का निवडली असेल? ज्याने पन्हाळ्यावर आषाढ काढला आहे त्याला हा प्रश्न पडणार नाही. त्या दिवसांत चंद्र आभाळात असतो, पण तो दिसत नाही. ढगच जमिनीवर उतरलेले असतात. फक्त एवढे होते की अमावस्येसारखा डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असा काळोख न पडता धुक्यात एक राखी उजेड राहतो. पुढच्या माणसाची पाठ दिसते, त्याच्या पुढच्याची दिसत नाही. चोरवाटेने चालणाऱ्याला याहून सोयीची रात्र कोणती?

शरण येण्याची बोलणी लावून पहारे ढिले पडतील असे केले गेले. रात्री महाराज सुमारे सहाशे निवडक मावळ्यांसह, परंपरा सांगते की राजदिंडीच्या वाटेने, गड उतरले. नेबापूरचा शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसला आणि पकडला गेला. त्याने आपल्या जिवावर काही घटका विकत घेतल्या. त्या घटकांचे मोल काय, हे वाट चालल्यावाचून समजत नाही.

ही वाट कशी आहे ते सांगतो. पन्हाळा उतरला की लगेच समोरच्या चढाला लागावे लागते आणि मग मसाईचे पठार येते. पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट. पठारही जवळपास त्याच उंचीचे. जांभ्या दगडाचा हा सपाट सडा मैलोगणती पसरलेला आहे. त्यावर मसाई देवीचे मंदिर. झाड नाही, झुडूप नाही, आडोसा म्हणून काही नाही. पश्चिमेकडून येणारा वारा कोकणातून सह्याद्री चढून येतो आणि पठारावर त्याला अडविणारे कोणी नसते. पाऊस वरून खाली पडत नाही, आडवा येतो. छत्री उघडली तर तिच्या काड्या हातात राहतात. पठार संपले की पुढे कासारी आणि कडवी या दोन नद्यांच्या मधल्या धारेवरून चालायचे. कधी भातखाचरांच्या बांधावरून, कधी गुडघाभर चिखलातून, कधी ओढ्यातून, कधी दिवसाही अंधार असेल अशा रानातून. कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, आंबेवाडी, म्हसवडे असे करीत पांढरेपाणी गाठले की मग गजापूरची ती घोडखिंड येते, जिला आपण पावनखिंड म्हणतो. आणि खिंड आली म्हणजे गड आला असे नव्हे. तेथून विशाळगड आणखी काही कोस आहे.

सगळे अंतर चाळीस मैलांच्या आसपास भरते. आजकाल दर जुलैत शेकडो तरुण या मार्गाने जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. चांगली चालणारी मंडळी दोन दिवसांत खिंडीपर्यंत येतात आणि बहुतेकजण तेथेच मोहीम पुरी करतात. मध्ये एक रात्र गावात मुक्काम, गरम जेवण, कोरडे अंथरूण. महाराजांबरोबरचे लोक १२ तारखेच्या रात्री निघाले आणि दुसऱ्या दिवशीच, १३ तारखेस, महाराज विशाळगडावर पोहोचले. मुक्काम नाही, चूल नाही. शिवाय सर्वांजवळ हत्यारे, आणि परंपरेने सांगितले आहे ते धरले तर खांद्यावर पालखी. पालखीच्या दांडीखाली चिखलातून धावणाऱ्या भोयांची नावे कोणत्याही बखरीने सांगितलेली नाहीत. मला नेहमी वाटते, बाजीप्रभूंनंतर या गोष्टीत जर कोणाचे खांदे आठवायचे असतील तर ते त्यांचे.

याबाबत माझा एक अनुभव सांगणे भाग आहे, कारण या लेखाचे खरे कारण तेच आहे.

१९८३ साली मी शाळेवर नवीन होतो. अंगात रग होती आणि डोक्यात इतिहास होता. आषाढात आठवी-नववीची अकरा मुले घेऊन मी पन्हाळ्याहून पायी निघालो. मुलांना इतिहास पायांनी शिकवायचा, असे काहीसे माझे त्या वेळचे बोलणे असे. गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले होते की गुरुजी, घोंगड्या घेऊन जा. मी म्हटले, घोंगडी भिजली की मणाची होते, पोरे वाहणार कशी? मुलांनी सुती सदरे घातले होते आणि खताच्या पिशव्या फाडून डोक्यावर घेतल्या होत्या. पठारावर पहिल्याच तासात त्या पिशव्या वाऱ्याने नेल्या. दुपारपर्यंत मुले गाणी म्हणत होती. मग गाणी थांबली. दिवस कलताना एक मुलगा, अंगाने किरकोळ पण चालण्यात सर्वांच्या पुढे असणारा, मागे पडू लागला. मी त्याला दोनदा रागावलो. तिसऱ्यांदा तो एका बांधावर बसला आणि असंबद्ध बोलू लागला. घरी आलो का, असे विचारू लागला. ओठ काळेनिळे पडले होते. मघापर्यंत तो थडथडत होता, आता थडथडणेही थांबले होते, आणि मला वाटले, बरे झाले, थंडी कमी झाली.

तसे नसते. थंडीने काकडणारे शरीर अजून झगडत असते. काकडणे थांबले आणि जीभ जड झाली की समजावे, शरीराने झगडा सोडला. यासाठी बर्फ लागत नाही. आषाढात आपल्या डोंगरावर पारा वीस अंशांच्या आसपास असतो. पण अंगावर ओले सुती कापड, त्यावर अखंड वारा आणि पोटात अन्न नाही, अशी तिन्ही एकत्र आली की धडधाकट माणूसही काही तासांत जाऊ शकतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी मुलाला चालवीतच राहिलो असतो, तर काय झाले असते ते लिहवत नाही.

जवळच धनगरवाडा होता. दोन मुलांनी पळत जाऊन माणूस आणला. त्या माणसाने मुलाला पाठुंगळी घेतले. घरात एक म्हातारी होती. मी मुलाला थेट चुलीपुढे नेऊ लागलो तर ती माझ्यावर ओरडली, ''आदी वली कापडं काढा की त्येची, गुरुजी! चुलीम्होरं लगीच नगा न्हेऊ. घोंगडं गुंडाळा, आन् दोगं त्येला बिलगून बसा.'' तसे केले. नंतर तिने नाचणीची गरम पेज घोटाघोटाने पाजली. तासाभराने मूल पुन्हा काकडू लागले. म्हातारी म्हणाली, ''आता ऱ्हाईला.'' तो शब्द मी विसरलेलो नाही. रात्री बाकीची दहा मुले आणि मी त्या घरात आणि शेजारच्या गोठ्यात मेंढरांच्या उबेला झोपलो. दुसऱ्या दिवशी पुढे न जाता मागे फिरलो. चूक माझी होती, मुलांची नव्हे आणि पावसाची तर नव्हेच.

त्यानंतर मी हा इतिहास पुन्हा वाचायला घेतला, आणि तो मला निराळा दिसू लागला. सहाशे माणसे, रात्र, आडवा पाऊस, चाळीस मैल. ती माणसे वाटेत का गारठून पडली नाहीत? पडली असतीलही काही. त्याची नोंद कोण ठेवणार? पण बहुतेक पोहोचली, हे तर खरे. याचे उत्तर मला शौर्यात जेवढे सापडते तेवढेच सवयीत सापडते. हे लोक मावळचे. बाजीप्रभू हिरडस मावळचे देशपांडे, बरोबर बांदलांचे लोक. हिरडस मावळ म्हणजे भोरच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख, तिथलाही पाऊस असाच. ओल्या बांधावर अनवाणी पाय कसा टाकावा, चालता चालता कसे खावे, अंग तापलेले असताना थांबायचे का नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. आणि घोंगडी. लोकर भिजली तरी ऊब धरून ठेवते. सूत भिजले की उलट अंगातली ऊब खेचून घेते. चिंचोक्याची खळ दिलेली जाड घोंगडी खोळ करून डोक्यावरून घेतली की पाऊस बराच वेळ वरूनच निथळतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे शास्त्र ठाऊक होते. मला बी. एड्. होऊनही ठाऊक नव्हते.

पाठलाग करणाऱ्यांची अवस्था याच्या उलट होती. शिवा काशीदची ओळख पटल्यावर जौहराचा जावई सिद्दी मसूद घोडदळ आणि पायदळ घेऊन सुटला. मैदानात घोडा माणसाच्या तिप्पट जातो. पण आषाढात ओल्या जांभ्यावर घोड्याचा खूर घसरतो, भातखाचरात तो पोटापर्यंत रुततो, आणि रानातल्या पायवाटेवर स्वार एकामागे एक अशी माळ लावल्यावाचून चालू शकत नाहीत. घोड्याचा सगळा फायदा या चिखलाने खाल्ला. महाराज पहाटेपर्यंत निम्मी वाट तरी काटून गेले असावेत. असा माझा अंदाज आहे. आठ तासांची रात्र आणि तासाला दोन-अडीच मैल, असा तो साधा हिशेब आहे. तरीही मसूदने गजापूरच्या खिंडीजवळ गाठलेच, हेही सांगितले पाहिजे. शत्रूला कमी लेखून आपल्या माणसांची थोरवी वाढत नाही. त्या हबशी आणि दख्खनी शिपायांनाही तोच पाऊस लागला होता आणि त्यांच्या अंगाला तर त्याची सवयही नव्हती.

खिंडीतल्या लढाईचे वर्णन येथे करीत नाही. ते इतरांनी समर्थपणे केले आहे. एकच गोष्ट नमूद करतो. त्या काळच्या बंदुका तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने बार उडविण्याच्या. मुसळधार पावसात वात विझते आणि दारू भिजते. त्यामुळे अशा दिवशी संख्येने मोठ्या फौजेचा मारा चालत नाही. शेवटी अरुंद जागेत माणसासमोर माणूस आणि हाती तलवार, भाला, पट्टा एवढेच उरते. मूठभर लोकांनी खिंड तासन्तास धरली, यात जागेचा आणि पावसाचाही वाटा आहे. म्हणून कोणाचे मोल कमी होत नाही. रात्रभर चालून, भिजून, उपाशी पोटी जी माणसे उभी राहिली, ती विश्रांती घेतलेली माणसे नव्हती. बाजीप्रभू तेथे पडले आणि त्यांच्याबरोबर बांदलांचे कितीतरी लोक पडले. महाराज पुढे गेले, तर विशाळगडाखालीही सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांचा वेढा होता. तो मोडून गडावर जावे लागले. चाळीस मैल चालून आल्यावर पुन्हा लढाई! परंपरा म्हणते की गडावर पोहोचल्याची खूण म्हणून तोफांचे बार झाले. धुक्यात तोफ दिसत नाही, पण ऐकू येते. खूण निवडणाराही डोंगर जाणणारा होता.

पुढे सप्टेंबर १६६० मध्ये पन्हाळा विजापूरकरांना देऊन टाकावा लागला, आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी तो परत घेतला. बांदलांच्या पराक्रमाचा मान म्हणून दरबारातले पहिले पान, जे जेध्यांकडे होते, ते बांदलांना देण्यात आले. विशाळगडावर बाजीप्रभू आणि फुलाजीप्रभू यांच्या समाध्या आहेत, पन्हाळ्यावर शिवा काशीदचे स्मारक आहे. भोयांचे आणि वाट दाखविणाऱ्यांचे काही नाही.

आता पुन्हा १९८३ कडे. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी आणि तो मुलगा, त्याच्या वडिलांसह, म्हातारीची घोंगडी परत करायला धनगरवाड्यावर गेलो. बरोबर लुगडे आणि फराळ नेला होता. म्हातारीने फराळ ठेवून घेतला, लुगडे नको नको म्हणत घेतले, घोंगडी मात्र घेईना. म्हणाली, ''तुमच्या गावच्या देवळात टांगून ठेवा. वाटंनं कुणी भिजलेलं आलं तर हुईल.'' तिला आमच्या देवळाची पडवी ठाऊक होती. लग्नाआधी मेंढरे घेऊन वडिलांबरोबर जाताना ती एका पावसात तेथे थांबली होती, असे तिने सांगितले.

घोंगडी पडवीच्या खुंटीवर टांगली. पुष्कळ वर्षे ती वापरात होती. कोणकोण पांघरून गेले याचा हिशेब नाही. जीर्णोद्धारासाठी पडवी उतरविली तेव्हा ती काढून ठेवली. कसरीने खाऊन तिची चाळण झाली आहे. नव्या आराखड्यात पहिल्यांदा पडवी नव्हती. सभामंडप मोठा करण्यासाठी ती जागा घेतली होती. बैठकीत मी हीच हकिकत सांगितली. ज्याचा जीव त्या दिवशी वाचला तो आज नातवंडांचा आजोबा आहे आणि त्या बैठकीस हजर होता. तो काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. पडवी ठेवायची असे एकमताने ठरले. ती पश्चिमेकडून भिंतीने बंद केली आहे, म्हणजे आषाढाचा वारा आत येणार नाही. दहा-बारा माणसे निजू शकतील एवढी ती लांब आहे, आणि सुताराकडून सात खुंट्या बसवून घेतल्या आहेत. सध्या त्यांपैकी तीन खुंट्यांवर नव्या घोंगड्या आहेत.